कॅम्परसाठी जुनी डिझेल व्हॅन घेताय? आधी इंजिनाचं बोलू

रबाळे एमआयडीसीत माझं पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचं, दुकान आहे. डिझेल पंप उतरवायचा, बेंचवर चढवायचा, नोझलची फवारणी बघायची, हाच धंदा. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले, जेसीबीवाले आणि शाळेच्या बसवाले. हल्ली ऐरोली-घणसोलीत नोकरी करणारी तरुण जोडपीही येतात. जुनी ट्रॅव्हलर किंवा विंगर घ्यायची आणि आत पलंग, ओटा, सोलर बसवून फिरायचं, असा त्यांचा बेत असतो. ही मंडळी गाडी बघायला जाताना मेजरिंग टेप घेऊन जातात. उभं राहता येतंय का, सहा फुटी गादी आडवी बसते का, सगळं मापून येतात. इंजिनाचं विचारलं तर म्हणतात, "काका, चालू करून बघितलं, मस्त आवाज आहे." डिझेल इंजिनाचा आवाज मरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत मस्तच असतो.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात या कामाला मुख्यतः दोनच गाड्या मिळतात. ट्रॅव्हलर बजाज टेम्पोने १९८७ साली आणली. पुढे कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. तिचं जुनं इंजिन म्हणजे मर्सिडीजचं ओएम ६१६, २.४ लिटर, टर्बो नाही, टायमिंगला चेन. हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत होतं. ताकद सत्तर हॉर्सपॉवरच्या आसपास, पण वागायला सरळ. पुढे त्याच घराण्यातून २.६ लिटरचं इंजिन आलं, आणि त्यावर कॉमन रेल, म्हणजे एकाच पाइपात दाबाखाली साठवलेलं डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमाने फवारणारी पद्धत. टाटाची विंगर २००७ ची. सुरुवातीला सुमोच्या कुळातलं १९४८ सीसीचं इंजिन, नंतर २.२ लिटर. विंगरला पुढची चाकं ओढतात, त्यामुळे मागे प्रॉपेलर शाफ्ट नाही आणि फ्लोअर खाली बसतो. कॅम्परला हे सोयीचं. मात्र पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या सगळ्या मागे ठेवल्यात, तर ओल्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. वजन पुढे-मागे वाटून ठेवा.

आता खरा प्रश्न: जुना मेकॅनिकल पंप की कॉमन रेल?

माझं पोट मेकॅनिकल पंपावर चाललं, म्हणून लोकांना वाटतं मी तोच घ्यायला सांगणार. मेकॅनिकल पंपाच्या गाडीला डिझेल मिळालं आणि बॅटरीत जीव असला की ती चालते. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. आंबोलीच्या खाली बंद पडली तरी सावंतवाडीचा कुठलाही जाणता मिस्त्री पाना घेऊन बसेल. पण अशा बहुतेक गाड्या आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. ज्याला स्वतः हात काळे करायची हौस आहे आणि फिरणं कोकण-घाटमाथ्यापुरतं आहे, त्याने ती जरूर घ्यावी. बाकीच्यांना मी २०१४ ते २०१७ च्या दरम्यानची कॉमन रेल सांगतो, बहुतेक करून ट्रॅव्हलर. चढाला दम असतो, कागद अजून ताजे असतात, आणि त्या काळातल्या या गाड्यांना सहसा डीपीएफ नसतो. धुराचे बीएस-६ नियम एप्रिल २०२० पासून आले आणि त्यांच्याबरोबर धुराची काजळी अडवणारा तो फिल्टर, म्हणजे डीपीएफ. तो साफ व्हायला गाडी लांब पल्ल्यावर तापून पळावी लागते. कॅम्पर महिन्यातून तीन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी, मग भाजी आणायला वाशीपर्यंत. अशाने तो भरतो.

गाडी आधी काय काम करत होती हे मीटरपेक्षा जास्त सांगतं. शाळेच्या बसचे किलोमीटर कमी दिसतात, पण ती गेटबाहेर तासन्‌तास आयडलवर उभी असते. अशाने लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, गुळगुळीत होतात आणि ऑइल वर चढायला लागतं. रुग्णवाहिकेचे किलोमीटर आणखी कमी. पण इंजिन थंड असतानाच जोरात पिळलेलं असतं आणि एसीसाठी उभ्या उभ्या चालू ठेवलेलं. मला सगळ्यात आवडते ती महापे-तुर्भ्याच्या एखाद्या कंपनीची स्टाफ गाडी. सकाळ-संध्याकाळ ठरलेला रस्ता, एकच ड्रायव्हर, सर्व्हिसची वही. किलोमीटर जास्त असले तरी घाबरू नका.

बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशीच बजावून ठेवा: मी येईपर्यंत सेल्फ मारायचा नाही. पोचल्यावर पहिलं काम, रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावा. कोमट लागला तर चहा प्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन सगळी पापं लपवतं.

थंड इंजिन चालू होताना पांढरा धूर येऊन पाच-दहा सेकंदात विरला तर चालतं. रेंगाळला आणि डोळे चुरचुरले, तर डिझेल न जळताच बाहेर येतंय: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) कमी, थंड इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग मेलेले किंवा डिझेल फवारायचं टायमिंग उतरलेलं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर जोर लावल्यावर थोडा आला तर समजू शकतो. सतत येत असेल तर एअर फिल्टर बघा, नाहीतर नोझल माझ्याकडे आणा.

हीटर प्लगबद्दल इथल्या लोकांना हमखास कळत नाही ती गोष्ट सांगतो. जुन्या प्री-चेंबर (डिझेल आधी छोट्या कोठीत पेटतं अशा) इंजिनाला थंडीत चालू व्हायला हीटर लागतोच. पण ठाण्यात थंडी असते कुठे? चारपैकी दोन प्लग मेलेले असले तरी जानेवारीतही गाडी अर्ध्या सेल्फवर सुरू होते आणि मालक शपथेवर सांगतो की कधी त्रास दिला नाही. तीच गाडी तुम्ही हिमाचलात नेलीत की सकाळी बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारत बसायचं. म्हणून प्लगची वायर काढून मल्टीमीटर लावा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो मेला.

इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, टर्बोच्या इंजिनात जरा जास्तच थरथरेल. नाचून खाली पडलं आणि भोकातून भकाभका धूर आला, तर पिस्टनच्या रिंगांमधून हवा खाली येते आहे. म्हणजे फुल इंजिन काम. गाडी तरीही आवडली असेल तर कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. आकडा किती यापेक्षा चार सिलिंडरांत फरक किती ते बघा. तीनेक बारच्या वर फरक गेला तर भाव तिथेच थांबवा.

पंपाचं इंजिन असेल तर आम्ही एक सोपी युक्ती करतो. आयडलवर प्रत्येक नोझलच्या पाइपाचं नट पाळीपाळीने जरासं सैल करायचं. चांगला सिलिंडर असेल तर इंजिन लगेच लंगडतं. ज्याचं नट सोडूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच फुकट पगार खातोय. ही युक्ती कॉमन रेलवर कधीही करायची नाही. तिथे पाइपातला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. बारीक फवारा हातावर बसला तर डिझेल कातडीच्या आत शिरतं आणि थेट ऑपरेशनची वेळ येते.

कॉमन रेलला रिटर्न टेस्ट करा. हे काम डिझेलवाल्याकडूनच करून घ्या. इंजेक्टरची उरलेलं डिझेल परत नेणारी बारीक नळी काढून चारही इंजेक्टरना पारदर्शक नळ्या आणि चार सारख्या बाटल्या लावायच्या. इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवायचं आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. तिघींत बोटभर आणि चौथीत अर्धी बाटली, तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. चारही सारख्या आणि कमी भरल्या, तर मी डोळे मिटून पुढे जातो. विक्रेता या टेस्टला नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

मग रस्ता. नवी मुंबईच्या सपाट पाम बीच रोडवर चालवून काही कळत नाही, तिथे भंगारसुद्धा पळतं. रविवारी पहाटे घोडबंदरला गायमुखचा चढ घ्या, नाहीतर मुंब्रा बायपास. गाडीत सहा मित्र बसवा. साधारण चारशे किलो होतात, आणि तुमचं प्लायवूड, पाणी, बॅटऱ्या यांचं वजन तेवढं सहज होतं. तिसऱ्या गिअरात चढवा आणि टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा. काटा वर चढून खालीच येत नसेल तर रेडिएटर तरी चोंदलाय नाहीतर हेड गॅस्केट गेलंय. गाडी पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंटऐवजी तांबूस नळाचं पाणी दिसलं तर आतले मार्ग गंजलेत असं धरून चाला.

टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते. महाबळेश्वरला ते जाणवेल एवढंच. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, सत्तरातले पंचेचाळीस-पन्नास घोडे उरतात, आणि तुमची गाडी भरलेली. लडाखचं स्वप्न असेल तर टर्बोच घ्या.

कागदांचं थोडक्यात. ब्लॉकवरचा नंबर आरसीवरच्या इंजिन नंबराशी स्वतः ताडून बघा. भंगारातलं हाफ इंजिन (हेडशिवायचा ब्लॉक) बसवलेल्या आणि नोंद न केलेल्या गाड्या भरपूर फिरतात. पिवळ्या पाटीची गाडी पांढरी करायला परमिट जमा करून कराचा फरक भरावा लागतो. सीट काढून आत बदल करायलाही आरटीओची मंजुरी लागते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीतला मान्य प्रकार आहे. एमएच-०४ असेल तर ठाण्याच्या आणि एमएच-४३ असेल तर नवी मुंबईच्या आरटीओत पैसे देण्याआधीच चौकशी करा, नंतर नाही.

गाडी घेतलीत की पहिल्याच आठवड्यात डिझेल टाकी उतरवून धुवा. पावसाळाभर पाव टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत हवेतला दमटपणा पाणी होऊन तळाला बसतो. इनलाइन पंपाला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) असलेल्याला, निदान स्वतःचं ऑइल असतं. सगळ्या सिलिंडरांना मिळून एकच प्लंजर असलेल्या रोटरी पंपाला वंगण म्हणजे आतून जाणारं डिझेलच. माझ्या टेबलावर असे पंप उघडतात तेव्हा चकचकीत असायला हवा तो प्लंजर तपकिरी डागांनी भरलेला निघतो, आणि त्याला पॉलिश हा इलाज नाही. डिझेलमध्ये टू-टी ऑइल घालायचा सल्ला खूप जण देतात. गरज नाही, हल्लीच्या कमी गंधकाच्या डिझेलमध्ये वंगणाची सोय रिफायनरीच करते. त्यापेक्षा गाडी उभी करताना टाकी फुल ठेवा, फिल्टरच्या खालचा पाण्याचा स्क्रू महिन्यातून एकदा सोडा आणि डिझेल फिल्टरचे दोन नग गाडीतच टाकून ठेवा.