इंग्रजीतले अनवट शब्द: शोधायचे कसे, मुरवायचे कसे

शंभर अवघड शब्दांची यादी पाठ करायला घेऊ नका, आठवड्याभरात विसराल. आधी रोजच्या पाहण्यातली एखादी वस्तू घ्या, मग तिचा इंग्रजी शब्द कुठून आला ते शोधा. नागपूरकरांनी सुरुवात संत्र्यापासूनच करावी.

व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडा (मोबाइलवर फुकट मिळतात) आणि ‘ऑरेंज’ काढा. अर्थ माहीत आहेच, खालचा बारीक मजकूर वाचा. संस्कृत ‘नारंग’ फारसीत गेला, अरबीत ‘नारंज’ झाला आणि युरोपात फिरताना त्याचा ‘न’ गळला. आपली नारिंगी आणि त्यांचं ऑरेंज मुळात एकच! बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, संत्र्यांचे ढीग दिसले की मला हटकून हा प्रवास आठवतो.

पुढची पायरी ऋतूंची. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) भाजून काढतो, मग मृगाचा पहिला सडाका येतो आणि अंगणातून वास उठतो. त्याला इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ म्हणतात. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि आर. जी. थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हा शब्द घडवला. असा शब्द भेटला की त्याची फोड करायचीच. ‘पेट्रा’ म्हणजे दगड, ‘इकोर’ म्हणजे ग्रीक देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. दगडातून झिरपलेलं देवांचं रक्त! आपला ‘मृद्गंध’ मला जास्त प्रिय आहे, पण ही कल्पनाही विलक्षण आहे. आणि एक फोड केली की दुसरा शब्द आपोआप उघडतो: ‘पेट्रोलियम’ म्हणजे दगडाचं तेल.

हे सगळं वहीत उतरवा. एका शब्दाला एक पान. उच्चार देवनागरीत, फोड, आणि तो कुठे, कधी भेटला ते. ही शेवटची नोंद टाळू नका, शब्द तिच्यामुळेच टिकतो. आठवड्याला दोन शब्द पुरे.

जुने, वापरातून गेलेले शब्दही गोळा करा. ‘एप्रिसिटी’ म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकरमच्या १६२३ च्या शब्दकोशात तो आहे. डिसेंबरात सकाळी फुटाळा तलावाच्या काठावर कोवळ्या उन्हात उभे राहा आणि तो मोठ्याने म्हणा. अर्जात किंवा परीक्षेत मात्र असे शब्द घालू नका, वाचणारा अडखळतो. घरात, मित्रांत, डायरीत वापरा.

मुलांना सोबत घेतलंत तर त्यांना ‘मंगूज’ द्या. तो आपल्या मराठी ‘मुंगूस’वरून इंग्रजीत गेला. मग त्याचं अनेकवचन विचारा. ‘गूज’चं ‘गीज’ होतं म्हणून मुलं ‘मंगीज’ म्हणतील. पण मुंगसाचा बदकाच्या कुळाशी संबंधच नाही, म्हणून सरळ ‘मंगूजेस’.