मोवर थरथरत होता, दोष पात्यात निघाला

वर्ध्याजवळच्या एका कॉलेजचं मैदान माझ्याकडे आहे. श्रावणात बसून चालवायचा मोवर गवत वरखाली कापू लागला, स्टिअरिंग थरथरू लागलं. मेकॅनिक म्हणे, इंजिन खोला. मी म्हटलं, थांबा भाऊ, आधी खाली पाहू.

किल्ली काढली, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधली. एवढं केल्याशिवाय पात्याजवळ हात नेऊच नये. जॅकनं उचलून लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकखाली मी कुणालाही शिरू देत नाही. डेकखाली, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाच्या आत, ओलं गवत अन् काळी माती थापून बसलेली, ती लाकडी पट्टीनं खरवडली. एका पात्याची धार दगडानं खाल्लेली. पाती जाड हातमोजे घालून काढली, कानशीनं मूळ कोनात घासली, मग मधल्या छिद्रातून खिळ्यावर अडकवली. जी बाजू खाली झुकली तीच आणखी घासली, पातं आडवं राहीपर्यंत. वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नका, नवंच घ्या. बसवताना पात्याच्या टोकांकडचे वळलेले पंख वर, डेककडे.

थरथर थांबली. इंजिनाला हातही लावला नाही.

दिवाळीनंतर मशीन उभं राहतं, तेव्हा टाकी रिकामी करतो. इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं, कार्ब्युरेटर चिकटतो.