मैलापाण्याचा गाळ शेतात: हेक्टरी किती टन?

प्रक्रिया केलेला मैलागाळ अमेरिकेत शेतात टाकायचा, तर १९९३ चा ‘भाग ५०३’ हा केंद्रीय नियम लागू होतो. राज्यांचे नियम त्याहून कडक असू शकतात, म्हणून परवान्यातल्या अटी आधी वाचा.

प्रयोगशाळेच्या अहवालात प्रथम जड धातू पाहा. कोरड्या वजनाच्या किलोमागे कॅडमियम ३९, शिसे ३०० आणि पारा १७ मिलिग्रॅम या मासिक सरासरीच्या आत असेल, आणि नियमातले बाकीचे धातूही आपापल्या मर्यादेत असतील, तर शेतात साठत जाणाऱ्या धातूंचा हिशेब ठेवावा लागत नाही. मग जंतू. ‘बी’ वर्गाच्या, म्हणजे जंतू घटवलेल्या पण पूर्ण न संपवलेल्या गाळात मलजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) कोरड्या ग्रॅमला २० लाखांपर्यंत चालतात, पण मग थांबावं लागतं: चराईला ३० दिवस, मातीला टेकणाऱ्या भाज्या-फळांच्या काढणीला १४ महिने. कंदमुळांना तर २० ते ३८ महिने.

खरी चूक होते ती मात्रेत. मात्रा पिकाच्या नत्रावरून ठरते. समजा, एक टन कोरड्या गाळात ४० किलो सेंद्रिय आणि १० किलो अमोनियम नत्र आहे. हवाविरहित पचवलेल्या गाळातलं सेंद्रिय नत्र पहिल्या वर्षी साधारण २० टक्के सुटतं, म्हणजे ८ किलो. गाळ वरच पडून राहिला तर निम्मं अमोनियम उडतं, ५ किलो उरतं. टनामागे मिळाले १३ किलो. पिकाला हेक्टरी १३० किलो हवं असेल तर १० टन. पण तो लगेच मातीत मिसळला तर अमोनियम टिकतं, टनामागे १८ किलो मिळतात आणि ७.२ टन पुरतात. हिशेब वर टाकण्याचा आणि काम मिसळण्याचं, असं झालं की जादा नायट्रेट थेट भूजलात जातं. मागच्या वर्षीच्या गाळाचं, कडधान्याच्या बेवडाचं नत्र आधी वजा करा.

हे सगळे टन कोरडे. गाळात घन भाग २० टक्के असेल तर १० टनांचे ५० टन ओले होतात, म्हणजे चौरस मीटरला ५ किलो. ओढे-नाल्यांपासून १० मीटर सोडा. शेतात एक चौरस मीटरची ताडपत्री अंथरा, गाळ पसरणारी गाडी नेहमीच्या वेगाने वरून न्या आणि पडलेला गाळ तोला. सात किलो भरला तर ट्रॅक्टरचा वेग वाढवा किंवा मागची झडप कमी उघडा, आणि पुन्हा तोला.