कोचिंगची पॅकेजेस अशी आखा, की ग्राहक ‘विचार करून कळवतो’ म्हणणार नाही

मी करिअर कोचिंग करते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच. फिटनेस किंवा बिझनेस कोचिंगवाल्यांनी आपापली घालावीत.

१. पॅकेजेस तीनच ठेवा. दोन असली तरी चालतील. मानसशास्त्रज्ञ शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा जॅमचा प्रयोग प्रसिद्ध आहे: दुकानातल्या स्टॉलवर जॅमचे २४ प्रकार मांडले तेव्हा तिथे थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी जॅम घेतला, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी.

२. वाटणी ग्राहकाच्या अडचणीवरून करा. खरी मेख इथे आहे आणि मीही इथेच बरीच अडखळले. सगळीकडे एकच सल्ला मिळतो: ४, ८, १२ सेशन, नावं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. तो सरळ कानाआड करा. आपल्याला किती सेशन लागतील हे समोरच्याला कसं कळणार? ते ठरवायचेच तर आपण पैसे घेतो. आणि ‘सिल्व्हर’ घेणाऱ्याला आपण स्वस्तातलं उचलल्यासारखं वाटतं, ते वेगळंच.

त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि जुन्या ग्राहकांचे अगदी पहिले मेसेज वाचा. ‘पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे, एचआर राउंडलाच गाडी अडते.’ ‘नोटीस पीरियड चालू आहे, हातात ऑफर नाही.’ ‘लीडचा मॅनेजर झालो, कालचे मित्र आज ऐकत नाहीत.’ झाली तीन पॅकेजेस. नावंही याच शब्दांत द्या. आत काय घालायचं ते मग आपोआप सुचतं: पहिल्याला आठवड्यात तीन सेशन आणि दोन मॉक इंटरव्ह्यू, रेकॉर्डिंगसकट, तिसऱ्याला पंधरा दिवसांतून एकदा, असं तीन महिने.

मग यादी क्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी, अगदी मावसभावाला, दाखवा आणि प्रत्येक पॅकेज कुणासाठी आहे ते विचारा. ‘या दोघांत फरक काय गं?’ असं त्याने विचारलं, तर वाटणी चुकली आहे. तिथे खुलासा लिहीत बसू नका, वाटणीच बदला.

मधलं पॅकेज खपावं म्हणून तिसरं मुद्दाम अवाच्या सवा महाग ठेवा, असंही शिकवतात. मला हे पटत नाही. आपल्याकडे माणसं ओळखीतून येतात आणि एकमेकांशी बोलतात.

३. किंमत एकरकमी सांगा. ताशी दर नको. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के धरूनच आकडा द्या.

४. आधी ऐका, मग एकच सुचवा. फोन येताच पीडीएफ पाठवायची घाई नको. वीसेक मिनिटं ऐका आणि सांगा, ‘तुमचं ऐकून मला नोटीस पीरियडवालं योग्य वाटतं, इतके रुपये.’ मग गप्प बसा. अनेक जण इथेच घाबरतात आणि समोरचा काही बोलायच्या आत ‘बघू, कमी-जास्त करू’ म्हणून मोकळे होतात. घासाघीस झालीच तर एखादं मॉक कमी करा, पण तेवढ्याच कामाचा दर उतरवू नका.

फोन ठेवल्यावर त्या एकाच पॅकेजचं एक पान पाठवा: काय मिळेल, किती दिवसांत, रक्कम, सेशन चुकलं तर काय, पैसे परत कधी. नोकरीची हमी त्यात चुकूनही लिहू नका. बोलताना माणूस झोप उडाल्याचं, सारखं रडू येत असल्याचं सांगत असेल, तर पान पाठवूच नका. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगा.