ग्वाल्हेरहून शिकारीची बंदूक राज्याच्या सीमेपार कायदेशीरपणे कशी न्यावी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातली एखादी दुनळी बंदूक अजूनही परवान्यावर सांभाळलेली आढळते. पुढची पिढी पुण्या-नाशकाला स्थायिक झाली, किंवा घरातल्या कुणाला नेमबाजीच्या सरावासाठी बाहेरच्या राज्यात जायचे असले, की ती बंदूक सोबत कशी न्यायची हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक लोक तयारीची सुरुवात तिकिटापासून करतात; ती परवान्याच्या पुस्तिकेपासून करायला हवी. शस्त्रापुरती सीमा त्या पुस्तिकेतल्या क्षेत्राच्या रकान्यात लिहिलेली असते, आणि ती नकाशावरच्या सीमेच्या बरीच अलीकडे असू शकते.

परवाना कुणाचा एका जिल्ह्यापुरता असतो, कुणाचा संपूर्ण मध्य प्रदेशापुरता, तर कुणाचा अखिल भारतीय. जिल्ह्यापुरता परवाना असलेल्या माणसाने बंदूक घेऊन मुरैना ओलांडणे तर सोडाच, मुरैना जिल्ह्यात शिरणेसुद्धा परवान्याच्या अटीचा भंग ठरते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३० नुसार अशा भंगासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय क्षेत्राबाहेर परवानाच लागू नाही असे धरून पोलिसांनी विनापरवाना शस्त्र बाळगण्याचे कलम २५ लावले तर प्रकरण फार जड जाते, आणि परवाना रद्द होण्याची टांगती तलवार वेगळीच. म्हणून क्षेत्र अपुरे असेल तर कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत लेखी अर्ज करून क्षेत्रविस्तार किंवा त्या प्रवासापुरती परवानगी आधी मागावी. अर्जात कारण, मार्ग, जाण्यायेण्याच्या तारखा आणि मुक्कामाचा पत्ता स्पष्ट लिहावा व पोचपावती घ्यावी. पोचपावती म्हणजे परवानगी नव्हे, हे मात्र पक्के ध्यानात असावे. "अर्ज दिला आहे" या उत्तरावर कोणत्याही नाक्यावर सुटका होत नाही.

त्याच बैठकीत पुस्तिकेतल्या बाकीच्या नोंदीही ताडून घ्याव्यात. मुदत संपलेली नसावी. शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून ती तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची झाली आहे. शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला यूआयएन हा ओळख क्रमांक परवान्यावर असावा. बंदुकीवर कोरलेला क्रमांक आणि पुस्तिकेतला क्रमांक एक-एक अंक मिळवून पाहावा, कारण जुन्या बंदुकांच्या नोंदी हाताने उतरवताना तीनाचा आठ झालेला असणे मुळीच दुर्मिळ नाही, आणि तो फरक घरी दिसला तर दुरुस्तीचा अर्ज पुरतो, नाक्यावर दिसला तर बंदूक जप्त होते. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली असून वारसाने आलेली शस्त्रेही त्यातून सुटत नाहीत. वारशात .३०३ ची रायफल असेल तर ती निषिद्ध बोअरमध्ये (म्हणजे सर्वसाधारण परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापात) मोडते आणि तिचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. सर्वसाधारण बारा बोअरच्या परवान्याच्या भरवशावर ती हलवू नये.

आता मार्गाविषयी, कारण ग्वाल्हेरकर इथेच सर्वाधिक फसतात. ग्वाल्हेर आणि भोपाळ दोन्ही मध्य प्रदेशात असले तरी त्यांना जोडणारी मुख्य रेल्वे झाशी आणि ललितपूर या उत्तर प्रदेशातल्या स्थानकांवरून जाते. म्हणजे राज्यापुरता परवाना असलेला माणूस आपल्याच राजधानीला गाडीने निघाला तरी वाटेत दुसऱ्या राज्यात सशस्त्र असतो, आणि तिथे परवाना लागू नसतो. राज्याच्या हद्दीतच राहायचे असेल तर शिवपुरी-गुना मार्गे जाणे भाग आहे. महाराष्ट्रात रस्त्याने उतरताना सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट संपला की धुळे जिल्हा लागतो. तिथपासून महाराष्ट्रातली वैधता हवी. उत्तरेकडे चंबळचा पूल ओलांडला की धौलपूर, म्हणजे राजस्थान.

शिवपुरी मार्गाला आणखी एक बाजू आहे. शिवपुरीजवळ महामार्ग माधव राष्ट्रीय उद्यानातून जातो, आणि मुरैना-धौलपूर दरम्यान चंबळचे पात्र राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ मध्ये सार्वजनिक महामार्गावरून अभयारण्य पार करणाऱ्यांना प्रवेशाची मुभा आहे, परंतु कलम ३१ शस्त्राविषयी स्वतंत्रपणे बोलते: मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणतेही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. महामार्गाची मुभा शस्त्रालाही मिळते असा युक्तिवाद वकील न्यायालयात करू शकेल. प्रवाशाने तो रात्री वनरक्षकापुढे करू नये. वन विभागाच्या कार्यालयातून लेखी परवानगी घ्यावी, आणि अशा पट्ट्यातून दिवसा, न थांबता जावे.

बंदुकीला आपण सवयीने शिकारीची म्हणतो, पण प्रवासाचे कारण म्हणून शिकार लिहिता येत नाही. १९७२ च्या कायद्याखाली संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. पिकांची नासाडी करणारा किंवा माणसाच्या जिवावर उठलेला प्राणी मारण्याची परवानगी कलम ११ खाली मिळते खरी, परंतु ती विशिष्ट प्रसंगापुरती असते आणि एका राज्याच्या अधिकाऱ्याने दिलेली परवानगी दुसऱ्या राज्यात चालत नाही. नातेवाइकांच्या शेतावर रानडुकरे फार झाली आहेत म्हणून ग्वाल्हेरहून बंदूक घेऊन जाणे हा सरळ गुन्ह्याकडे जाणारा रस्ता आहे. सहसा स्वीकारली जाणारी कारणे अशी: स्थलांतर, दुरुस्ती, क्लबातला सराव किंवा स्पर्धा, आणि वारसाकडे वा दुसऱ्या परवानाधारकाकडे हस्तांतर.

बंदूक कोण नेणार, हेही कायद्याने बांधलेले आहे. परवानाधारक समोर असताना, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरी व्यक्ती शस्त्र वाहून नेऊ शकते. मात्र ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी असले तरच. "काका थकले आहेत, पुतण्या पुण्याला नेऊन ठेवील" हे त्यात बसत नाही. ड्रायव्हरच्या हाती किंवा घरसामानाच्या ट्रकमध्ये गाद्यांच्या आड ठेवून पाठवणे तर कुठल्याच प्रकारे बसत नाही.

बांधणीच्या वेळी घाई नको. दुनळीची कळ बाजूला सारून नळ्या खाली पाडाव्यात, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे आरपार पाहावे, आणि फक्त नजरेवर न विसंबता बोट घालून दोन्ही घरे रिकामी असल्याची खात्री करावी. मग नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात, तेलाचा हलका हात फिरवून जाड कापडात गुंडाळाव्यात आणि कुलूप लागणाऱ्या पेटीत ठेवाव्यात. बारा बोअरच्या नळीची लांबी किमान वीस इंच असणे परवान्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, तेव्हा पेटीत मावत नाही म्हणून नळी कापण्याचा विचारही करू नये. परवानगीशिवाय नळी आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. काडतुसे वेगळ्या कुलूपबंद डब्यात, मोजून आणि परवान्यातल्या मर्यादेत असावीत. सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेले आणि आपल्या थेट ताब्यात असावे, म्हणून ते टपावर किंवा डिकीत टाकून जेवायला जाऊ नये. शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ खाली कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो आणि तो दाखवता आला नाही तर शस्त्र ताब्यात घेऊ शकतो, त्यामुळे मूळ पुस्तिका अंगावर आणि तिच्या प्रती सामानात ठेवाव्यात.

विमानाने जायचे असेल तर तिकीट काढण्यापूर्वीच विमान कंपनीची मंजुरी घ्यावी. बंदूक रिकामी असावी, चेक-इन काउंटरवर आपण होऊन जाहीर करावी आणि ती फक्त नोंदणीच्या सामानातूनच जाते. काडतुसांसाठी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रतिप्रवासी एकूण पाच किलोची कमाल मर्यादा असून दोघांची मर्यादा एकत्र करता येत नाही. कंपनीची मर्यादा याहून कमी असू शकते. हातातल्या पिशवीचे सगळे कप्पे उलटे करून पाहावेत. जुन्या शिकारी जाकिटाच्या खिशात राहिलेले एखादे काडतूस एक्स-रे यंत्रावर दिसते आणि तिथून गुन्ह्याची नोंद होते. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मध्य प्रदेशातल्याच एका खटल्यात मांडले आहे, पण त्याचा आधार मिळेपर्यंत वकील, जामीन आणि चकरा चुकत नाहीत.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात मार्गावरच्या आणि मुक्कामाच्या जिल्ह्यांत काही मनाई आदेश आहे का, याची चौकशी करावी. आपल्याकडे निवडणूक नसली तरी महाराष्ट्रात असू शकते, आणि अशा काळात जिल्हाधिकारी शस्त्रे बाळगण्यावर बंदी घालतात किंवा ती ठाण्यात जमा करायला लावतात. अखिल भारतीय परवानाही त्या आदेशापुढे चालत नाही.

देशाची सीमा ओलांडणे हा निराळाच विषय आहे. त्यासाठी शस्त्र अधिनियमाच्या कलम १० खाली आयात-निर्यातीचा परवाना लागतो, सीमाशुल्काची कागदपत्रे लागतात, आणि समोरच्या देशाची परवानगी लागते. नेपाळला जाताना माणसाला व्हिसा लागत नाही म्हणून बंदूकही तशीच जाईल असे समजणाऱ्यांनी घरीच थांबावे.

मुक्कामी पोचल्यावर काम संपत नाही. वास्तव्य तीस दिवसांपेक्षा जास्त होणार असेल तर नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला तीस दिवसांच्या आत कळवून परवाना व शस्त्र दाखवावे लागते. बंदूक दुसऱ्याच्या नावे करायची असेल तर आधी घेणाऱ्याचा परवाना तयार हवा, मग जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी सूचना देऊन पंचेचाळीस दिवस थांबायचे, आणि त्यानंतरच शस्त्र हलवायचे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षे जवळ असेल तर तो हयातीतच एखाद्या कायदेशीर वारसाला नामनिर्देशित करू शकतो, आणि ज्या घरांत मुले बाहेरगावी आहेत त्यांनी हा मार्ग वेळेवर धरावा असे माझे मत आहे. परवानाधारकाचे निधन झाले तर बंदूक घरात ठेवण्याचा अधिकारच संपतो. ती ग्वाल्हेरमध्येच जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि वारसाचा परवाना पुण्यात निघाला की त्या पावतीवर सोडवून न्यावी.