देणगीदार देशांचं कोऑर्डिनेशन कुठे फसतं? या चुका टाळा

पाच-सहा देश एकाच गरीब देशात मदत घेऊन पोचतात आणि गाडी बऱ्याचदा अडते ती पैशापाशी नाही, हिशेबापाशी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे देणगीदारांनी आपापसात मीटिंगा घेतल्या की झालं कोऑर्डिनेशन असं समजणं. अहो, ज्याच्यासाठी चाललंय त्याला विचारलं का? देणगीदार आणि मदत घेणारे देश यांनी मिळून केलेल्या 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात हेच होतं, योजना त्या देशाची असावी आणि देणगीदारांनी तिच्यात बसावं, पण 2010 पर्यंतच्या 13 टार्गेटपैकी जगभरात पूर्ण झालं फक्त एक!

दुसरी चूक रिपोर्टिंगची, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकते. युगांडाचं सरकारी वर्ष जुलैला सुरू होतं, अमेरिकेचं ऑक्टोबरला, जपान आणि ब्रिटनचं एप्रिलला. आता समजा तिथल्या एका दवाखान्याला या तिघांचा पैसा आहे, तर त्याच नर्सचा पगार, तीच औषधं, आणि हिशेब मात्र तीन वेळा तीन फॉर्मॅटमध्ये, वर स्वतःच्या सरकारचा वेगळाच, मग अकाउंटंट वर्षभर दुसरं काय करणार? उपाय साधा आहे, एकच रिपोर्ट, तोही त्या देशाच्या वर्षाप्रमाणे. आणि सगळ्यांनी सगळीकडे हात घालायचा नाही. रवांडाने 2010 मध्ये सरळ सांगितलं, एका देणगीदाराने जास्तीत जास्त तीन सेक्टर घ्या, बाकी दुसऱ्यांना सोडा.

स्वतःचं वेगळं प्रोजेक्ट ऑफिस उघडून सरकारी खात्यातली चांगली माणसं जास्त पगारावर ओढून नेणं, हे तर करूच नका. खातं रिकामं होतं आणि प्रोजेक्ट संपला की ऑफिसही जातं.

आकडे वाचतानाही जरा सांभाळून. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यावी हे संयुक्त राष्ट्रांचं टार्गेट 1970 चं आहे, नॉर्वे, लक्झेंबर्ग असे मोजकेच देश ते गाठतात. त्यात स्वतःच्याच देशात आलेल्या निर्वासितांचा पहिल्या वर्षाचा खर्चही मदत म्हणून धरता येतो, म्हणजे तो पैसा गरीब देशात गेलेलाच नसतो.

आता उलटी चूक, एकी जरा जास्तच होणं. मोझांबिकमध्ये बरेच देणगीदार मिळून थेट सरकारी बजेटला पैसे द्यायचे, 2016 मध्ये सरकारने लपवलेली कर्जं बाहेर आली आणि सगळ्यांनी एकदमच हात आखडता घेतला. राग बरोबरच होता हो, पण त्याच बजेटमधून शाळा आणि दवाखानेही चालत होते. म्हणून पैसा थांबवायची वेळ आली तर काय चालू ठेवायचं आणि ते कुठल्या वाटेने द्यायचं, हे करार करतानाच लिहून ठेवा.