झालेला तोटा आयकरात कसा आणि कोठे दाखवावा

पैसे बुडाले की प्रत्येकाच्या मनात एक साधा प्रश्न येतो : निदान करात तरी या तोट्याची काही सवलत मिळेल का? भारतीय आयकर कायद्याचे उत्तर असे आहे की, ज्या व्यवहारात नफा झाला असता तर त्यावर कर लागला असता, त्याच व्यवहारातील तोट्याची कायदा दखल घेतो, आणि तीही बहुधा त्याच प्रकारच्या नफ्यापुरती. त्यामुळे ‘माझे किती गेले’ यापेक्षा ‘हा तोटा उत्पन्नाच्या कोणत्या शीर्षाखाली येतो’ हा प्रश्न आधी सोडवावा. पगार, घरमालमत्ता, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न अशी ती पाच शीर्षे आहेत.

ज्यांची वजावट मिळत नाही असे तोटे आधी बाजूला काढावेत. घरातून चोरीला गेलेली रोकड, मित्राला हातउसने दिलेले आणि परत न आलेले पैसे, फोनवरून झालेल्या फसवणुकीत खात्यातून गेलेली रक्कम, यांपैकी काहीही पगारदार व्यक्तीला आपल्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. स्वतःच्या वापराची मोटार किंवा घरातील फर्निचर कमी किमतीला विकले तरी तो तोटा धरला जात नाही, कारण वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तूंना कायदा भांडवली मालमत्ताच मानत नाही. दागिने मात्र या नियमाला अपवाद आहेत. त्यांच्या विक्रीतील नफा करपात्र असतो आणि म्हणून तोटाही धरला जातो. लॉटरी व जुगारातील तोटा कोठेही वजा होत नाही. क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांच्या, बाबतीत तर कायदा फारच कठोर आहे : नफ्यावर थेट ३० टक्के कर, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही, पुढील वर्षी नेणे तर दूरच.

येथे धंदा करणाऱ्याची आणि पगारदाराची स्थिती वेगळी आहे, हे ध्यानात ठेवावे. दुकानाच्या गल्ल्यातील पैशांचा नोकराने अपहार केला, तर तो धंद्याच्या ओघात झालेला तोटा मानला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये बद्रीदास डागा प्रकरणात हे तत्त्व मान्य केले. तसेच उधारीवर विकलेल्या मालाचे पैसे बुडाले, तर ती विक्री पूर्वी उत्पन्नात धरलेली असल्यास आणि येणे हिशेबाच्या वह्यांत बुडीत म्हणून प्रत्यक्ष काढून टाकले असल्यास वजावट मिळते. वह्यांत नोंदच केली नसेल, तर ‘पैसे आलेच नाहीत’ हे कारण पुरेसे ठरत नाही.

सामान्य गुंतवणूकदाराला सर्वाधिक उपयोग होतो तो भांडवली तोट्याचा. डीमॅट खात्यात शेअर निम्म्या किमतीला आलेला दिसतो, पण जोवर तो विकलेला नाही तोवर कायद्याच्या दृष्टीने तोटा झालेलाच नसतो. विकल्यावर तो अल्पकालीन की दीर्घकालीन हे ठरवावे : नोंदणीकृत शेअर व इक्विटी फंडांसाठी १२ महिने, तर जमीन, घर व सोने यांसाठी २४ महिने ही सीमा आहे, आणि त्याहून जास्त काळ बाळगलेली मालमत्ता दीर्घकालीन ठरते. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. पगार किंवा व्याजाच्या उत्पन्नातून यांपैकी कोणताही वजा करता येत नाही. त्या वर्षी न सामावलेली रक्कम पुढील आठ वर्षे ओढता येते.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, एका वर्षात शेअरमध्ये १,४०,००० रुपयांचा दीर्घकालीन आणि ६०,००० रुपयांचा अल्पकालीन तोटा झाला, आणि जुने सोने विकून ९०,००० रुपयांचा दीर्घकालीन नफा झाला. सोन्याचा नफा दीर्घकालीन तोट्यात पूर्ण जिरवला, तर त्या नफ्यावर कर लागणार नाही, आणि ५०,००० दीर्घकालीन व ६०,००० अल्पकालीन असे दोन वेगळे तोटे पुढे जातील. पुढील वर्षी शेअरमध्ये एक लाखाचा अल्पकालीन नफा झाल्यास त्यातून ६०,००० वजा होऊन ४०,००० वर २० टक्क्यांनी ८,००० रुपये कर येईल. तोटा ओढलेला नसता तर तो २०,००० आला असता. उपकर वेगळा. दीर्घकालीन ५०,००० मात्र त्या वर्षी हात न लावता तसेच राहतील, म्हणूनच दोन्हींची नोंद स्वतंत्र ठेवणे अत्यावश्यक आहे. शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर १.२५ लाखापर्यंत कर लागत नाही हे खरे, पण तोटा त्या मर्यादेच्या आधी वजा होतो. तो शिल्लक ठेवून सवलत आधी घेण्याची मुभा नाही.

रोजच्या रोज खरेदी-विक्री करणाऱ्यांनी आपला तोटा भांडवली समजू नये. इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी शेअर घेऊन विकण्याचा, व्यवहार हा सट्ट्याचा धंदा मानला जातो. त्यातील तोटा केवळ तशाच नफ्यातून वजा होतो आणि चारच वर्षे पुढे जातो. फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे शेअर वा निर्देशांकाच्या पुढील भावावर केलेल्या करारांचा, तोटा मात्र साध्या धंद्याचा मानतात. तो त्याच वर्षी पगार सोडून इतर उत्पन्नातून, उदाहरणार्थ भाडे किंवा ठेवींच्या व्याजातून, वजा करता येतो, आणि उरलेला आठ वर्षांपर्यंत धंद्याच्या नफ्यातून. अनेक तरुण पगारदार हा तोटा दाखवतच नाहीत. मला ही चूक फार महागाची वाटते, कारण हक्काची वजावट तर जातेच, शिवाय व्यवहारांची माहिती विभागाकडे पोहोचलेली असल्याने नंतर विचारणा होऊ शकते.

घरकर्जाच्या व्याजामुळे घरमालमत्तेत येणारा तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातूनही वजा होतो. नव्या प्रणालीत तो इतर शीर्षांतून वजा होत नाही, म्हणून प्रणाली निवडण्यापूर्वी दोन्हींचा हिशेब करून पाहावा.

आता प्रत्यक्ष कृती. ब्रोकरकडून वर्षाचा भांडवली नफा-तोट्याचा अहवाल घ्यावा आणि तो आयकर विभागाच्या पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहावा. भांडवली तोटा पुढे ओढायचा असेल तर विवरणपत्राचा आयटीआर-२ हा नमुना, आणि इंट्राडे किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स असतील तर आयटीआर-३ भरावा. आयटीआर-१ मध्ये तोटा पुढे नेण्याची सोय नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विवरणपत्र मुदतीत भरले पाहिजे. पगारदारासाठी ही तारीख सर्वसाधारणपणे ३१ जुलै असते. एक दिवस जरी उशीर झाला तरी भांडवली व धंद्याचा तोटा पुढे ओढण्याचा हक्क जातो. घरमालमत्तेचा तोटा तेवढा यातून वाचतो. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असल्याने विवरणपत्र भरण्याची सक्ती नसली, तरी तोटा असेल तर ते अवश्य भरावे. मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात चूक राहिली असेल, तर सुधारित विवरणपत्र देता येते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्याने १९६१ च्या कायद्यातील कलमांचे क्रमांक बदलले आहेत, परंतु आधी ओढलेले तोटे त्यांच्या उरलेल्या वर्षांसाठी कायम राहतात. विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्यावर विभागाची सूचना येते, तेव्हा केवळ परताव्याची रक्कम न पाहता पुढे ओढलेल्या तोट्याचा तक्ता आपल्या आकड्याशी जुळतो का हे तपासावे, आणि न जुळल्यास लगेच पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करावा. ब्रोकरचे अहवाल, खरेदीच्या पावत्या आणि ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षाचे विवरणपत्र हे सर्व, तो तोटा पूर्ण वजा होईपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे जपून ठेवावे.